झोपे सर आणि बेपत्ता व्होल्टेज

झोपे सरांच्या दारावर थाप मारली की आतून आवाज येतो, "कोन?"

इथे नवखा माणूस फसतो. तो आपलं नाव सांगतो. दार उघडत नाही. आतला आवाज चढतो, "नाव नाही विचारलं! कोन?" मग शेजारच्या ओट्यावरून कुणाला तरी दया येते. "अहो, अंश सांगा, अंश!" पाहुणा गोंधळून "नव्वद" म्हणतो आणि धाडकन कडी निघते. दारात सरांची अगडबंब मूर्ती. अंगात लेंगा आणि बिनबाह्यांचं बनियन, हातात खडू. "या, या! नव्वद म्हनजे शुद्ध कॉइल! अशी मानसं हल्ली मिळत नाहीत!"

सर यावलकडचे. तिकडे 'ण'चा 'न' होतो, त्यामुळे माणूस विचारायचा 'कोण' आणि भूमितीतला 'कोन' यांत फरक उरत नाही. कधीकाळी एका वात्रट विद्यार्थ्याने बाहेरून "तीस अंश, सर!" असं उत्तर दिलं. दुसरा एखादा मास्तर चिडला असता. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी घराचा तो कायदाच करून टाकला. आता गॅसवाला पंचेचाळीस अंशांचा आहे, दूधवाला साठ. मी समोरच राहते, म्हणून मला त्यांनी कायमचा शून्य अंश देऊन ठेवलाय. "वहिनी, तुम्ही आल्या की फेजमध्येच येता," असं ते म्हणतात. हा गौरव आहे असं मी धरून चालते.

आडनाव झोपे, पण या माणसाने वर्गात कधी कुणाला झोपू दिलं नाही. आधी धुळ्याला, मग आमच्या जळगावात त्यांनी हयातभर फिजिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यावरही फरक एवढाच पडला की पूर्वी घंटा झाली की थांबायचे, आता थांबवणारी घंटाच नाही. सगळं फिजिक्स त्यांना प्रिय, पण जीव एसी सर्किटमध्ये. आणि त्यातही एका प्रकारच्या गणितात, ज्यात एक व्होल्टेज दिलेलं नसतं आणि शोधून काढायचं असतं. सर त्याला 'बेपत्ता व्होल्टेज' म्हणतात. घरातलं पोर जत्रेत हरवावं तशा आवाजात.

एकदा कढीपत्ता मागायला गेले तर मलाच धरलं. "वहिनी, पन्नास व्होल्टचा एसी पुरवठा. रेझिस्टन्सवर तीस. उरलेल्या कॉइलवर किती?"

मी शाळेत इतिहास शिकवते. तरी एवढी वजाबाकी येते. "वीस," मी म्हणाले.

"वहिनीऽऽ!" सर असे ओरडले की ओट्यावरचं मांजर उठून गेलं. "वीस डीसीत! ही एसी आहे, एसी! इथे दोन्ही व्होल्टेज एकदम माथ्यावर येत नाहीत. एक शिखरावर असतं तेव्हा दुसरं पायथ्याशी. मग सरळ वजाबाकी कशी चालेल? बान काढा! काटकोन काढा!" त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलून जमिनीवर आडवा टाकला, त्याला काटकोनात लाटणं लावलं, आणि दोघांच्या टोकांना जोडणारी रेघ खडूने ओढली. "हा झाडू तीस. ही तिरपी रेघ पन्नास. आता लाटनं किती?"

मी जुन्या आठवणी ढवळल्या. तीन, चार, पाच. "चाळीस?"

"चाळीऽऽस!" सरांनी टाळी वाजवली, उडी मारली आणि आतून केळीच्या वेफर्सची पुडी आणून माझ्या हातात दिली. बरोबर उत्तराला वेफर्स, हा त्यांचा जुना शिरस्ता. कढीपत्ता राहिलाच.

आमच्या कॉलनीत कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवरून तीन फेज येतात. कुठलं घर कोणत्या फेजवर आहे हे सरांना पाठ. त्यांच्या लेखी कॉलनीत पाटील, महाजन, सोनवणे राहत नाहीत. लाल, पिवळे आणि निळे राहतात. नवा भाडेकरू आला की बाकीचे त्याचं गाव विचारतात, सर फेज सांगतात. "अभिनंदन, तुम्ही निळ्यातले." सकाळी फिरायला निघताना खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मीटर. ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्याकडे शिरून प्लगमध्ये दोन टोकं घालायची, आकडा मोठ्याने वाचायचा आणि पुढे जायचं. बायका आधी वैतागल्या. मग सवय झाली. आता एखाद्या दिवशी सर आले नाहीत तर महाजनांच्या आजी विचारतात, "आज आमचं बीपी कोनी पाहिलं नाही का?"

याच मीटरपायी धुळ्याला एकदा लग्न मोडता मोडता राहिलं. सरांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो होतो. तेव्हा कुसुमवहिनी होत्या, सरांच्या पत्नी. निघताना त्यांनी सरांच्या खिशातून टेस्टर काढून घेतला होता. पण भरताच्या वांग्यांच्या पिशवीत तळाशी मीटर होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोहे आले, मुलगी आली, सगळे मुलीकडे बघू लागले. सर प्लगकडे बघत होते. कुणी अडवायच्या आत ते उठले आणि दोन टोकं घातली.

"न्यूट्रल आनि अर्थिंगमध्ये चौदा व्होल्ट!" सर आनंदाने ओरडले. "हे कुठून आलं?"

खाटेवरच्या आजीने झटकन पाय वर घेतले. "वं माय! बठ्ठा घरमा करंट शे का?" मग सरांकडे बोट दाखवून म्हणाली, "हाऊ मानूस पोर देखाले उना का मीटर देखाले?"

हा माणूस पोरगी बघायला आलाय की मीटर, हा अहिराणीतला सवाल ऐकून मुलीचे वडील लाल झाले. कुसुमवहिनींनी पदर कपाळावर ओढला. आता उठावं लागणार हे मी ओळखलं. तेवढ्यात हातात ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी हळूच बोलली, "अर्थिंगचा खड्डा वाळलाय. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकायला पाहिजे. मी बाबांना कधीची सांगतेय."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "मुलगी पसंत!" त्यांनी जाहीर केलं. पुतण्याला कुणी विचारलंच नाही. ते दोघं आता नरडाण्याला सुखात आहेत आणि दर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकतात.

कुसुमवहिनी गेल्यापासून सर कुठल्या लग्नाला गेले नाहीत. मूलबाळ नव्हतं. दोघंच दोघांना होती. पत्रिका आली की सर ती कौतुकाने वाचतात, आहेर आमच्या हाती पाठवतात आणि त्या दिवशी दार लावून घरात बसतात. आम्हीही आग्रह करणं सोडून दिलं.

तर परवाच्या मे महिन्यातली गोष्ट. जळगावचा मे, दुपारची वेळ. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. कॉलनीच्या मोकळ्या जागेत पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. मंडपात हे मोठमोठे कूलर लावलेले, वरण-बट्टीच्या पंगती बसलेल्या, अख्खी कॉलनी तिथे. मी चष्मा विसरले म्हणून घरी आले. पंखा छान गरगरत होता. आज व्होल्टेज बरं आहे, असं मनात आलं आणि तेवढ्यात दार वाजलं.

"कोण?" मी आतून विचारलं.

"वहिनी, दार उघडा! लवकर!"

एरवी माझ्या दारातही अंश सांगणाऱ्या सरांनी तो सांगितला नाही, तिथेच मी घाबरले. दार उघडलं तर ते मीटर हातात घेऊन तडक आत शिरले. "माझ्याकडे पंखा रांगतोय. एकशे ऐंशी आहे फक्त. तुमचा प्लग दाखवा." त्यांनी टोकं घातली. "दोनशे चाळीस!"

"मग ठीकच आहे की," मी म्हणाले. "तुमच्याकडे जरा कमी, माझ्याकडे जरा जास्त. तिसऱ्या फेजवर असेल मधलं काहीतरी."

"सरासरी काढू नका, वहिनी! त्रिकोन काढा!"

आणि माझ्या पुसलेल्या फरशीवर ते गुडघे टेकून बसले. पट्टीने त्यांनी मोठा समभुज त्रिकोण काढला. हात भराभर चालत होता, तोंड त्याहून भराभर. "हे तीन कोपरे म्हनजे आपले तीन फेज. लाल मी, पिवळा तुम्ही, हा वरचा निळा. दोन कोपऱ्यांमध्ये चारशे व्होल्ट. ते बदलत नाही. बरोबर मध्यावर न्यूट्रलचा ठिपका. तो तिथे खिळलेला असतो, म्हनून तिन्ही कोपरे त्याच्यापासून सारखे लांब, सगळ्यांना दोनशे तीस. आता मला कमी आनि तुम्हाला जास्त, म्हनजे न्यूट्रल कुठेतरी तुटलाय! ठिपका सुटलाय, वहिनी! तो भटकतोय! कुठे भटकतोय ते कळलं की निळ्याचं व्होल्टेज कळलं!"

"निळ्यावाल्यांच्या घरी जाऊन मोजा ना मग."

"सगळ्यांना कुलूप आहे! दोरी द्या!"

दोरी कुठे ठेवली ते मला आठवेना. सरांना दम कुठला? त्यांनी लेंग्याची नाडी ओढून बाहेर काढली. मी पटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड वळवलं. "वहिनी, तिकडे काय बघता? हे टोक लाल कोपऱ्यावर दाबून धरा!" एका हाताने लेंगा सावरत त्यांनी दुसऱ्या हातात नाडीला खडू धरला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी अनेक राजांच्या मोहिमा शिकवल्या, पण सरांच्या लेंग्याची नाडी दाबून धरायची वेळ आपल्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

सेंटिमीटरला दहा व्होल्ट असं प्रमाण. लाल कोपऱ्यापासून अठरा सेंटिमीटरवर एक कमान. पिवळ्यापासून चोवीसवर दुसरी. दोन्ही कमानी दोन जागी छेदल्या. एक जागा त्रिकोणाच्या बाहेर, एक आत. "बाहेरची आपली नव्हे. आतली आपली. हा बघा, इथे बसलाय लबाड!" त्यांनी ठिपका ठळक केला. मग त्या ठिपक्यापासून निळ्या कोपऱ्यापर्यंत पट्टी लावली. आम्ही दोघांनी डोकी खाली घातली.

"अठ्ठावीस... साडेअठ्ठावीस! दोनशे पंच्याऐंशी! सापडलं!"

हरवलेलं पोर सापडावं असा चेहरा झाला त्यांचा. पण तो क्षणभरच. पुढच्या क्षणी ते माझ्याकडे बघत होते आणि तोंडावरचा रंग उतरत होता.

"वहिनी, दोनशे पंच्याऐंशीने मोटार जळते. निळ्यात आत्ता घरी कोन आहे?"

मी आठवू लागले. महाजन पंगतीत. सोनवणे मंडपाच्या दारात. टोकाच्या घरातल्या मंगलबाईही आत्ताच मला बट्टी वाढून घेताना दिसल्या होत्या. मंगलबाई इंदूअक्कांना सांभाळतात. अक्का ऐंशीच्या घरातल्या, थंडीत पडून खुब्याचं हाड मोडलेलं, तेव्हापासून खाटेवर. मुलगा सुनील सुरतेला. मंगलबाई घटकाभर जेवायला आल्या म्हणजे त्यांनी दाराला बाहेरून कुलूप लावलं असणार आणि अक्कांसाठी कूलर चालू ठेवला असणार.

"इंदूअक्का," मी म्हणाले.

सर उठले आणि पळत सुटले. सरांना पळताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. एका हाताने लेंगा धरलेला, पायांत रबरी चपला, आणि तोंडाने "मेन पाडा! मेन पाडा!" असा ओरडा. ऐकायला रस्त्यावर एक कुत्रंही नव्हतं. मी मागून.

अक्कांच्या घराजवळ पोचलो तर आतला कूलर किंचाळत होता. खिडकीच्या जाळीतून जळकट वास आणि धुराची पातळ रेघ. ओसरीत मीटरशेजारी चिनी मातीचा जुना फ्यूज होता. सरांनी एका हाताने तो उपसून काढला. विजेच्या कामात दुसरा हात रिकामा आणि लांब ठेवायचा असतो म्हणतात. सरांचा दुसरा हात रिकामा नव्हता, लेंग्यात गुंतलेला होता, पण लांब होता एवढं खरं.

किंचाळी थांबली. मग त्यांनी दाराला खांदा लावला. त्या देहाचा उपयोग मला पहिल्यांदा कळला. दुसऱ्या धक्क्याला कोयंडा चौकटीतून निघून आला. आत कूलरची मोटार काळी पडली होती आणि वाळ्याच्या ताटीचा एक कोपरा धुमसत होता. सरांनी न्हाणीतली बादली त्यावर रिकामी केली, खिडक्या उघडल्या, आणि खाटेपाशी वाकून बघितलं. अक्का खोकत होत्या. डोळे अर्धवट उघडे. श्वास ठीक होता.

"वहिनी, मंडपात जा," सर म्हणाले. "मंडपाचा लोड बंद करायला सांगा. घराघरांतले मेन बंद. निळ्यावाले आधी!"

मी मंडपात शिरले तेव्हा उखाणे चालले होते. मी सरळ माइक हातात घेतला. "सगळ्यांनी घरी जाऊन मेन स्विच बंद करा! निळ्या फेजवाल्यांनी आधी पळा!"

दुसऱ्या कुठल्याही कॉलनीत लोकांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं असतं. पण आमच्याकडे सरांच्या कृपेने पोरासोरांनाही आपला रंग पाठ! एका क्षणात पंगतीतले सगळे निळे खरकट्या हातांनी उठले आणि चौखूर उधळले. त्यांच्या मागून पिवळे. लाल मात्र जागचे हलले नाहीत. "आपल्याला घाई नाही," असं म्हणून त्यांनी आणखी वरण वाढून घेतलं. नवरदेवाकडचे पाहुणे थिजून बघत होते. त्यांच्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "ताई, हे तुमच्याकडचे वेगवेगळे पक्ष आहेत का?"

महाजनांचा फ्रिज वाचला. सोनवण्यांचा टीव्ही गेला. बाकी सगळं बचावलं. फोन केल्यावर लाइनमन आला, ट्रान्सफॉर्मरवर चढला. न्यूट्रलची तार बोल्टापाशी जळून सुटली होती. सगळे मेन पडलेले असल्यामुळे आता मोजायला काही उरलं नव्हतं. खाली उतरून तो म्हणाला, "काकू, बरं झालं वेळेत कळलं. निळ्यावर पावणेतीनशेच्या वर गेलं असेल."

"दोनशे पंच्याऐंशी," मी म्हणाले.

"कुठल्या मीटरने मोजलं?"

"नाडीने," मी म्हणाले.

पाटलांनी मंडपातच सरांचा सत्कार करायचं ठरवलं. शाल आली, नारळ आला, माइकवरून दोनदा पुकारा झाला. सर कुठेच नव्हते. त्यांच्या घराची कडी तशीच उघडी. मंगलबाई अक्कांकडे पळत गेल्या होत्या. सरही अजून तिथेच असतील म्हणून मी तिकडे निघाले. सर आणि अक्का, दोघांनाही काही खायला लागेल म्हणून वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचं ताट झाकून घेतलं.

मंगलबाई ओसरीतच उभ्या होत्या, डोळे पुसत. त्यांनी मला बोटाने खूण केली, आत आवाज करू नका.

लाइट अजून आली नव्हती. खोली तापलेली. सर खाटेशेजारी स्टुलावर बसून पुठ्ठ्याने अक्कांना वारा घालत होते. लेंग्याला कुठलीशी सुतळी बांधलेली. अक्कांनी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. मोतीबिंदू पिकलेले त्यांचे डोळे सरांच्या तोंडावर फिरत होते.

"सुन्या, आला का रे तू?"

सरांचा हात थांबला. मग पुन्हा हलू लागला. "हो माय. आलो."

"गाडीत जागा भेटली का?"

"भेटली, माय. खिडकीची भेटली."

"सुरतेत पानी येतं का आता?"

"रोज येतं. भरपूर येतं."

अक्कांनी त्या जाडजूड मनगटावरून दोनदा हात फिरवला. "किती वाळला रे तू," त्या म्हणाल्या.

सर मान खाली घालून म्हणाले, "हो माय. थोडा वाळलो."

"घरी कोनी करून घालत नाही का तुले?"

पुठ्ठा हलत राहिला. अक्का म्हणाल्या, "माझ्यासमोर दोन घास खा. मग जा."

मी पुढे होऊन ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बट्टी कुस्करली, तिच्यावर वरण घातलं आणि सावकाश जेवू लागले. लग्नाचं जेवण ते कितीतरी दिवसांनी जेवत होते. अक्कांचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. पुठ्ठा खाटेवर पडला होता, तो मी उचलला आणि दोघांनाही लागेल असा वारा घालत उभी राहिले.